युद्धकादंबरी पुरावा म्हणून कशी वाचायची?



मी मूळचा भौतिकशास्त्राचा. एम.एस्सी. करून युद्धसाहित्याकडे वळलो, तेव्हा सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात बिनधास्त लिहून टाकलं होतं : ड्रेस्डेनच्या बॉम्बहल्ल्यात १,३५,००० माणसं मेली. संदर्भ दिला कर्ट व्हॉनेगट यांच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' या कादंबरीचा. गाईडनी एवढंच विचारलं, "हे कुणी मोजलं?" मला उत्तर देता आलं नाही.

व्हॉनेगट अमेरिकन सैनिक होते. डिसेंबर १९४४ मध्ये बल्जच्या लढाईत ते जर्मनांच्या हाती सापडले. मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून कैद्यांना नेलं. नाताळच्या आदल्या रात्री त्या गाडीवर ब्रिटिश विमानांनीच, म्हणजे मित्रपक्षानेच हल्ला केला. पुढे ड्रेस्डेनमध्ये मजुरी. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहर पेटलं, तेव्हा हे कैदी कत्तलखान्याच्या तळघरात होते म्हणून वाचले. नंतर प्रेतं बाहेर काढायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं.

आता तीन कागद शेजारी ठेवा. सुटकेनंतर मे १९४५ मध्ये त्यांनी घरी लिहिलेलं पत्र, १९६९ ची कादंबरी, आणि ड्रेस्डेनच्या इतिहासकार आयोगाचा २०१० चा अहवाल. मृतांचा आकडा पत्रात २,५०,०००, कादंबरीत १,३५,०००, आणि आयोगाच्या मते जास्तीत जास्त २५,०००.

पत्र लिहिलं गेलं त्या काळात नाझी प्रचारयंत्रणेने असेच लाखांचे आकडे पसरवले होते. कादंबरीतला आकडा डेव्हिड आयर्विंग यांच्या १९६३ च्या पुस्तकातला. खुद्द आयर्विंग यांनी १९६६ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ला पत्र लिहून बरीच कमी संख्या मान्य केली होती. तरी तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत जुना आकडाच राहिला. म्हणजे मी 'प्रत्यक्षदर्शीची साक्ष' समजून जे उतरवलं, ते मुळात दुसऱ्याच्या पुस्तकातून आलेलं होतं!

मग व्हॉनेगट खोटं बोलले का? तसं नाही. फूटपट्टीने अणूचा व्यास मोजता येत नाही, म्हणून फूटपट्टी खोटी ठरत नाही. तिची मर्यादा आपण ओळखायची असते. भूक, डब्यातली गर्दी, प्रेतं उचलण्याचं काम हे कैद्याला स्वतःला माहीत असतं. अख्ख्या शहरात किती मेले, हे त्याला कळणं शक्यच नाही. त्यासाठी दफनाच्या नोंदी तपासाव्या लागतात, आणि आयोगाने तेच केलं.

दुसरं उदाहरण बघा. कादंबरीत एडगर डर्बी नावाच्या कैद्याला ढिगाऱ्यातली किटली घेतली म्हणून गोळ्या घालतात. पत्रात मात्र अन्न चोरल्याबद्दल दोघांना मारल्याचा उल्लेख आहे. किटली 'घडलेली गोष्ट' म्हणून प्रबंधात लिहिता येणार नाही. पण अन्नाच्या जागी किटली का आली, हा संशोधनाचा उत्तम प्रश्न आहे. भुकेपोटी केलेली चोरी वाचकाला समजते. किटलीसाठी गेलेला जीव समजतच नाही. मला वाटतं, शिक्षेतला मूर्खपणा दिसावा म्हणूनच हा बदल केला असावा.

हे सगळं काथ्याकूट वाटेल, पण ड्रेस्डेनचा फुगवलेला आकडा नाझींचे गुन्हे हलके दाखवायला आजही वापरला जातो. आणि २५,००० म्हणजे तरी थोडी माणसं आहेत का?

तेव्हा कादंबरी वाचताना प्रत्येक विधानापुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहा : पाहिलं, ऐकलं, वाचलं किंवा रचलं. चौघांचाही उपयोग होतो, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं. मी सिनॉप्सिसमधला आकडा बदलला, पण कादंबरी संदर्भातून काढली नाही. तिला आता कैदेच्या अनुभवाच्या प्रकरणात जागा दिली आहे.