पट, पदं आणि मुलं : उच्च प्राथमिक शाळेतल्या माणसांचा इतिहास

सहावी ते आठवीच्या सरकारी शाळेत माणसं किती असावीत, हा आजचा विषय. ऐकायला हा कारकुनी प्रश्न वाटतो. पण या माणसांची संख्या कशी ठरत गेली ते पाहिलं, की सरकारने मुलाकडे कोणत्या नजरेनं बघितलं तेही कळतं.

सुरुवात 1882 पासून करू. हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात मास्तरांच्या पगाराचा मुद्दा आहे. प्रशिक्षित शिक्षकाला निदान 12 रुपये आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये द्यावेत, असं ते म्हणतात. पुढे आणखी एक सूचना आहे. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं, स्टँप विकणं अशी कामं शिक्षकाकडे दिली तर त्याची गावातली प्रतिष्ठा वाढेल. म्हणजे शाळेबाहेरचं काम फुल्यांनीच सुचवलं होतं! पण हेतू बघा. त्यांना मास्तराला मान मिळवून द्यायचा होता. पुढे कामं वाढत गेली, मान मात्र त्याच वेगानं वाढला नाही.

आता थेट स्वातंत्र्यानंतर येऊ. 1964 ते 66 या काळात कोठारी आयोगानं काम केलं. मुलांना मार्गदर्शन प्राथमिकच्या सर्वांत खालच्या वर्गापासून मिळावं, असं हा आयोग सांगतो. पण माणसं कुठून आणायची? माध्यमिकसाठी त्यांनी दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक सुचवला. खालच्या वर्गांत हे काम मुख्यतः वर्गशिक्षकाकडेच राहिलं. आपल्याकडची ही जुनी सवय आहे : मुलाला आधार हवा हे मान्य करायचं, आणि तो देण्याचं काम असलेल्या माणसाकडेच सोपवायचं.

1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा मोहीम' आली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक मिळावा, हा तिचा एक भाग. त्या काळी लढाई एकाचे दोन करण्याची होती.

मग 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, वर्गाला किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना निदान एकेक. पट शंभराच्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, शिवाय कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक.

जरा गणित करू. सहावी ते आठवीची 99 मुलं असतील, तर कायद्याचं किमान माप तीन शिक्षक. तीच मुलं 101 झाली, की तीन शिक्षक, एक मुख्याध्यापक आणि तीन निदेशक. फरक दोन मुलांचा! तीन शिक्षकांच्या शाळेत एकजण प्रशिक्षणाला गेला, की दोघांनी तीन वर्ग सांभाळायचे. कायद्याच्या कलम 27 नं शिक्षकांना अशैक्षणिक कामातून मोकळं केलं खरं, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून.

आणि या वयातल्या मुलांच्या गरजा पटावर मोजता येत नाहीत. अकरा ते चौदा वर्षं. मुलींची पाळी सुरू होते, काही घरांत लग्नाचा विषय निघतो. मराठवाड्यात दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला निघतात आणि मूल कोयत्याबरोबर जाणार की मागे राहणार, हे ठरवायची वेळ येते. हंगामी वसतिगृहं निघाली ती याचसाठी. पण आज चार दिवस बाक रिकामा का आहे, हे विचारायला घरी जाणार कोण? मास्तरच. आणि तेवढ्या वेळात त्यांचा वर्ग?

एका बाबतीत मात्र आपण वेगळं वागलो. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये शिजवलेल्या जेवणाचा आदेश दिला, आणि 2008 पर्यंत ते देशभर आठवीपर्यंत पोचलं. इथे स्वयंपाकी-मदतनिसांचं स्वतंत्र माप ठरलं : पहिल्या 25 मुलांमागे एक, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभरामागे आणखी एक. 2009 मध्ये केंद्रानं ठरवलेलं मानधन महिना 1000 रुपये, म्हणजे तुटपुंजंच. हिशेबाचं काम शिक्षकांच्या डोक्यावरून उतरलं नाही तेही खरं. पण निदान भात शिजवायला वेगळं माणूस लागतं, हे तरी मान्य झालं.

हेच तत्त्व आता हळूहळू पुढे सरकतंय. 2022 मध्ये कायद्याच्या परिशिष्टात बदल झाला : सहावी ते आठवीत दर 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी दुवा ठेवावा. पुन्हा तोच शंभराचा उंबरठा. वाडीवरच्या चाळीस मुलांच्या शाळेसाठी हा दुवा कोण जोडणार, त्यावर सगळं अवलंबून आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिकवणाऱ्यांची संख्या पटावरून ठरवा, ते समजू शकतं. आधार देणाऱ्यांची संख्या मात्र मुलांच्या गरजेवरून ठरायला हवी. लहान शाळेतल्या मुलाचं दुःख पटाच्या प्रमाणात लहान होत नाही.

तुमच्या गावात शाळा व्यवस्थापन समिती असेल. पुढच्या बैठकीत तीन आकडे विचारा : संचमान्यतेत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या महिन्यात विशेष शिक्षक किती दिवस आले. रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नयेत, असं कलम 26 सांगतं. हा आकडा ओलांडला असेल तर ते ठरावात लिहून घ्या.