कलपाची किंमत

केस रंगविण्याची हौस आजकालची आहे आणि ती पश्चिमेकडून आली आहे, असा एक समज सुशिक्षित घरांतून आढळतो. तो खरा नाहीं. ही हौस पुरातन आहे, आणि तिच्यामागून येणारें दुःखही तितकेंच पुरातन आहे. केशभूषागृहांत मोठ्या उत्साहानें केस सोनेरी करून घ्यावे, आणि पंधरा दिवसांत ते काथ्यासारखे राठ होऊन फणीबरोबर तुटून यावे, हा अनुभव आज पुष्कळांना येतो. याच अनुभवावर रोममधील एका थोर कवीनें दोन हजार वर्षांपूर्वीं एक संपूर्ण कविता लिहून ठेविली आहे. तेव्हांपासून आजवर रंग बदलले, रसायनें बदललीं, कायदेही झाले. केसाचा स्वभाव मात्र बदलला नाहीं. तो स्वभाव न ओळखल्यामुळें प्रत्येक काळानें कोणती किंमत दिली, हें पाहण्यासारखें आहे.

तो कवि म्हणजे ओव्हिड. त्याचा जन्म इसवी सनापूर्वीं ४३ या वर्षीं झाला. ‘अमोरेस’ या त्याच्या काव्यग्रंथाच्या पहिल्या भागांतील चौदावी कविता केस गमावून बसलेल्या प्रेयसीला उद्देशून आहे. रंग लावणें सोडून दे, असें आपण वारंवार बजावीत होतों, याची तो तिला आरंभींच आठवण देतो. आतां तर रंगवावयास केसच उरले नाहींत! एके काळीं ते कंबरेखालीं रुळत. चिनी रेशमासारखे तलम होते. विंचरतांना कधीं गुंतत नसत, म्हणून विंचरणाऱ्या दासीलाही कधीं इजा सोसावी लागली नाहीं. अशा केसांना तिनें रंग तर लावलाच, वर तापलेल्या लोखंडानें कुरळे करण्याचा छळही केला. हें दुखण्यानें झालें नाहीं, कोणाच्या चेटकानेंही झालें नाहीं. तिच्या स्वतःच्या हातानेंच झालें. आतां तिला जर्मनींतील बंदिवान स्त्रियांच्या केसांचा टोप घालावा लागेल, आणि कोणी त्याची स्तुति केली तर ती स्तुति दुसरीची आहे हें जाणून मनांत लाजावें लागेल. इतकें बोलून झाल्यावर रडणाऱ्या त्या मुलीची कवीला दया येते, आणि तो तिला एकच दिलासा देतो: हें नुकसान भरून येणारें आहे, केस पुन्हा वाढतील. तो लेपाचें नांव घेत नाहीं, कीं औषधाचें नाहीं.

त्या काळचे कलप कसे असत, याची कल्पना प्लिनी या रोमन ग्रंथकारावरून येते. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटांत तो मरण पावला. त्याच्या ग्रंथांत काळ्या कलपाची एक कृति अशी दिली आहे कीं, जळवा व सिरका शिशाच्या भांड्यांत साठ दिवस कुजवावा आणि तो लेप उन्हांत बसून केसांना लावावा. लावतांना तोंडांत तेल धरावें, नाहीं तर दांतही काळे होतात, असा एक इशाराही त्यानें नोंदला आहे! ही कृति ऐकून हंसूं येतें. परंतु शिशाचा उपयोग अगदींच निराधार नव्हता. ग्रीक व रोमन लोक शिशाचा ऑक्साइड आणि चुना यांचा लेप लावीत. २००६ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं तो लेप पुन्हा करून पाहिला. केसांतील गंधकाशीं शिशाचा संयोग होऊन केसाच्या गाभ्यांतच शिशाच्या सल्फाइडाचे अतिसूक्ष्म काळे कण तयार होतात, असें त्यांना आढळलें. हा रंग पक्का खरा, पण शिसें हें विषच. आश्चर्य हें कीं, केस हळूहळू काळे करणाऱ्या कांहीं द्रवांतून तें विसावें शतक संपेपर्यंत विकलें जात होतें. अमेरिकेच्या सरकारनें त्याची परवानगी काढून घेण्याचा निर्णय केला तो २०१८ सालीं.

आपल्या देशांतही कलपाची विद्या जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांचें जें प्रकरण आहे, त्याचा आरंभच केस काळे करण्यापासून होतो, कारण डोकें पांढरें असेल तर माळा, अत्तरें व वस्त्रें शोभत नाहींत, असें ग्रंथकाराचें म्हणणें. त्याची कृति अशी: लोखंडाच्या भांड्यांत लोहचूर्णाबरोबर कोद्रू आंबट द्रवांत शिजवावे, बारीक वाटून डोक्यास लेप द्यावा व वर ओलीं पानें बांधावीं. दोन प्रहरांनीं तो काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा तितकाच वेळ पानें बांधून ठेवावीं, आणि मग डोकें धुवावें. शेवटीं सुगंधी तेलांनीं लोखंडाचा व आंबटाचा वास घालवावा. लोह आणि आवळ्यांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगानें काळा रंग होतो. जुन्या शाईचें तत्त्वही हेंच. मेंदी लोखंडी कढईंत भिजवून तींत आवळकाठी घालण्याची आपल्या घरांतली रीत याच जातीची आहे. या पद्धतीचा एक मोठा गुण असा कीं, ती केसाचा मूळ रंग काढून टाकीत नाहीं. असलेल्या केसावर रंग चढविते. पांढऱ्याचें काळें होतें, परंतु काळ्याचें सोनेरी होत नाहीं.

काळ्याचें सोनेरी करण्याच्या हव्यासापासूनच खरी हानि सुरू होते. सोळाव्या शतकांत व्हेनिस नगरांत सोनेरी केसांचें वेड होतें. तेथील घरांच्या छपरांवर लांकडी माचे असत. स्त्रिया भर उन्हांत त्यांवर बसत, माथा उघडा व कांठ रुंद अशी गवती टोपी घालीत, टोपीच्या भोकांतून केस वर काढून कांठावर पसरीत, आणि काठीला बांधलेल्या स्पंजानें त्यांवर दाहक द्रव पुनः पुन्हा लावीत. चेझारे व्हेचेल्लिओ यानें १५९० सालीं छापलेल्या वेषभूषेच्या ग्रंथांत अशा स्त्रीचें चित्र व वर्णन दिलें आहे. चेहऱ्यावर सावली आणि केसांवर ऊन, अशी ही तपश्चर्या तासन् तास चाले.

एकोणिसाव्या शतकांत उन्हाचें काम रसायनशास्त्रानें हातीं घेतलें. तेनार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१८ सालीं हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढलें, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यानें केस सोनेरी करून दाखविण्यांत आले. दुसरीकडे, १८५६ मध्यें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सांपडला, आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. त्याचे गुरु हॉफमन यांनीं १८६३ मध्यें पॅराफेनिलीन-डायअमीन या द्रव्याचे गुण वर्णिले. आजच्या बहुतेक पक्क्या कलपांचा पाया हेंच द्रव्य किंवा त्याचीं भावंडें होत. पुढें १९०७ मध्यें यूजेन श्युलर या तरुण फ्रेंच रसायनज्ञानें आपला कलप तयार केला, आणि १९०९ मध्यें एक कंपनी काढली. तिचें मूळ नांव ‘केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी’ अशा अर्थाचें होतें. तीच आजची लॉरिआल. रंग निरुपद्रवी आहेत हें नांवांतच सांगावें लागलें, यावरून त्या वेळच्या रंगांची कीर्ति काय असावी, हें उघड आहे.

हे रंग केसांत काय करतात, तें समजून घेतल्यावांचून पुढचें कळणार नाहीं. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव धागा आहे. त्याच्यावर घराच्या कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले पातळ खवले असतात, आणि त्यांवर स्निग्धतेचा एक सूक्ष्म थर असतो. केसाची चमक व निसरडेपणा त्या थरामुळें. आंत केराटिन नांवाच्या प्रथिनाचे तंतु असतात, ते गंधकाच्या बंधांनीं एकमेकांस जखडलेले असतात, आणि त्यांत रंगाचे कण विखुरलेले असतात. सलूनमध्यें लावला जाणारा अमोनिया केस फुगवून खवले उचलतो. पेरॉक्साइड आंत शिरून मूळ रंगाचे कण नष्ट करतें. मग रंगाचे लहान रेणु आंत जाऊन परस्परांशीं जुळतात व मोठे होऊन तेथेंच अडकून पडतात. परंतु पेरॉक्साइडाला रंगाचा कण कोणता आणि गंधकाचा बंध कोणता, हें ओळखतां येत नाहीं. तें दोन्हीं तोडतें. वरचा स्निग्ध थर धुऊन जातो, कौलें मोडतात, केस पाणी शोषून फुगतो, उशिरां वाळतो, गुंततो आणि ओला असतांना ओढला कीं तुटतो. केस जितका काळा आणि हवा असलेला रंग जितका फिकट, तितकी ही मोडतोड अधिक. म्हणून आपल्याकडील काळ्याभोर केसांना ही हौस विशेष महाग पडते.

१९३१ मध्यें जीन हार्लो या अमेरिकन नटीचा ‘प्लॅटिनम ब्लाँड’ हा बोलपट आला, आणि रुपेरी केसांची लाट सर्वत्र पसरली. त्याच सुमारास कलपाचें दुसरें, अधिक भयंकर रूप प्रकट झालें. पापण्या व भुवया रंगविण्यासाठीं ‘लॅश लूर’ नांवाचा एक रंग अमेरिकेंतील सौंदर्यगृहांतून वापरला जाई. त्यांत पॅराफेनिलीन-डायअमीन होतें. १९३३ च्या सुमारास त्यामुळें अनेक स्त्रियांचे डोळे सुजले, व्रण पडले, कांहींची दृष्टि गेली, आणि एकीला प्राणासही मुकावें लागलें. तो रंग बाजारांतून काढून घेण्याचा अधिकार तेव्हांच्या कायद्यानें सरकारला नव्हता. प्रसाधनें त्या कायद्याच्या कक्षेंतच येत नव्हतीं. हा अधिकार २५ जून १९३८ च्या नव्या कायद्यानें मिळाला. परंतु त्याच कायद्यांत एक पळवाटही राहिली. डांबरापासून केलेल्या केसांच्या रंगांना, वेष्टनावर धोक्याची सूचना छापल्यास, सूट देण्यांत आली. त्वचेच्या लहानशा भागावर आधीं रंग लावून पाहावा, आणि पापण्या-भुवयांना तो कधींही लावूं नये, नाहीं तर अंधत्व येईल, अशी ती सूचना. म्हणजे सावधगिरीचा भार सरकारनें व कारखानदारानें लावून घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेविला. आणि तो पुष्कळ अंशीं अजूनही तेथेंच आहे.

पुढें १९५६ मध्यें ‘मिस क्लेरॉल’ या मालानें घरच्या घरीं एकाच वेळीं केस उजळ करून रंगविण्याची सोय केली, आणि सलूनची विद्या न्हाणीघरांत आली. १९७५ मध्यें ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह पक्के कलप तपासले, तेव्हां १६९ पैकीं १५० कलप जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यांत बिघाड करणारे ठरले. त्यानंतर कारखानदारांनीं कांहीं द्रव्यें वगळलीं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या मतें स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांविषयीं पुरावा निर्णायक नाहीं. मात्र केशभूषेच्या धंद्यांत दिवसानुदिवस रंग हाताळणाऱ्यांना धोका संभवतो. तेव्हां ही किंमत गिऱ्हाइकापेक्षां काम करणाऱ्या हातांना अधिक मोजावी लागते, हें विसरूं नये.

आतां ज्यांचे केस बिघडले आहेत त्यांनीं काय करावें? प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, निर्जीव धागा बरा होत नाहीं. त्याला जपतां येतें. दुभंगलेलें टोंक कोणत्याही लेपानें कायमचें सांधत नाहीं. तें कापणें हाच उपाय. २०१४ पासून तुटलेले बंध जोडण्याचा दावा करणारीं द्रव्यें सलूनमधून वापरलीं जातात. परंतु गेलेला केस तीं परत आणीत नाहींत. खोबरेल तेलाची आपली जुनी चाल मात्र परीक्षेस उतरली आहे. २००३ मध्यें मुंबईंतील संशोधकांनीं सूर्यफुलाचें, खनिज व खोबरेल अशीं तिन्हीं तेलें तपासलीं. रासायनिक रीतीनें उजळलेल्या केसांतूनही धुतांना झिजणारें प्रथिन खोबरेलानेंच कमी झालें. ते संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचे होते हें खरें. पण त्यांचा निबंध शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला आहे. तेल न्हाण्यापूर्वीं कांहीं तास लावावें, सौम्य शांपू घ्यावा, नंतर कंडिशनर लावावा, मोठ्या दातांची फणी वापरावी, आणि तापलेल्या सळ्या व यंत्रें कांहीं महिने दूर ठेवावीं. पुन्हा रंगवावयाचेंच असेल तर नवीन उगवलेल्या मुळांपुरतेंच रंगवावें. रंगलेल्या केसांवर दर खेपेस तोच मारा करूं नये. धातुमिश्रित मेंदी किंवा कलप पूर्वीं लावला असेल तर तसें सांगावें, कारण अशा केसावर पेरॉक्साइड पडल्यास तो तापून तुटूं शकतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत तेंच पॅराफेनिलीन-डायअमीन असतें. तेव्हां ४८ तास आधीं त्वचेवर परीक्षा करणें त्यांनाही लागू आहे. खाज, सूज वा फोड आल्यास तो रंग पुन्हा कधींही लावूं नये, आणि वैद्यास दाखवावें.

केस महिन्यास सुमारें एक ते सवा सेंटिमीटर वाढतो. हातभर लांब केसांची गोष्ट सोडा, वीतभर केस पूर्णपणें नवे येण्यासही दीड वर्ष लागतें. तेवढा धीर धरणें हेंच यांतलें मुख्य औषध. ओव्हिडजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, केराटिनाचें नांवही त्यानें ऐकलें नव्हतें; तरी केस पुन्हा वाढतील, हा त्याचा दिलासा आजच्या शास्त्रालाही पुढें नेतां आलेला नाहीं. जळवांपासून पेरॉक्साइडापर्यंत प्रत्येक युगाला आपला रंग निरुपद्रवी वाटला. पुढचा रंग येईल तेव्हां तोही तसाच म्हणवून घेईल. त्या वेळीं ही जुनी कथा आठवून जो आधीं विचारील कीं हा रंग केसांतून काय काढून नेणार आहे, त्यालाच कलप स्वस्त पडेल.