पऱ्हाटीपासून चमकणारी फिल्म? हे नेमकं कसं शक्य आहे?

परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उरते. ती चुलीत जाते, नाहीतर तिथेच पेटवली जाते. पण या काड्यांमध्ये सेल्युलोज आणि लिग्निन हे दोन उपयोगी नैसर्गिक पॉलिमर असतात.

फिल्म पारदर्शक का होते?
सेल्युलोजचे तंतू नॅनो आकाराइतके बारीक केले की ते प्रकाश फारसा विखुरत नाहीत. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या 'सिरकॉट' या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कापसापासून असं नॅनोसेल्युलोज तयार केलं आहे.

चमक कुठून येते?
लिग्निन अतिनील किरणं शोषतं आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतं. याला प्रतिदीप्ती म्हणतात. नोटेवरचे क्रमांक अतिनील दिव्याखाली चमकतात, तेही याच तत्त्वावर. लिग्निनपासून 'कार्बन डॉट्स' नावाचे सूक्ष्म कण बनवून फिल्ममध्ये मिसळता येतात. मात्र ही फिल्म अंधारात आपोआप उजळत नाही. दिवा बंद, की चमकही बंद.

मग अडचण काय?
बनावट माल ओळखणारी लेबलं, सेन्सर यांसाठी ती उपयोगी ठरू शकते. पण पऱ्हाटी गोळा करणं, वाहून नेणं आणि लिग्निन वेगळं काढणं खर्चिक आहे. तो खर्च भरून निघत नाही, तोवर शेतकऱ्यासाठी पऱ्हाटी म्हणजे सरपणच.