ऐकण्याची खोली

मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील, पेण-रोह्याकडचें एखादें जुनें घर डोळ्यांपुढें आणा: कौलारू छप्पर, शेणानें सारवलेली जमीन, पुढें उघडी ओटी. अशा ओटीवर रेडिओ लावला तर स्वराला घुमण्यास जागाच नसे. कौलांच्या फटींतून व अंगणाकडून तो सरळ निघून जाई. शेजाऱ्यांसही गाणें फुकट मिळे, ही गोष्ट निराळी!

पुढें घरें बदललीं. वर सिमेंटचा स्लॅब आला, खालीं गुळगुळीत फरशी आली, आणि भीमपलासीचा एक स्वर पुरता विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर येऊन पडूं लागला.

या घुमण्याचें गणित हार्वर्ड विद्यापीठांतील वॉलेस सॅबिन यांनीं १८९५ पासून मांडलें. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळत असे. सॅबिन रात्रीं जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकीच्या गाद्या उचलून आणीत, मोजमाप करीत, आणि सकाळपूर्वीं त्या परत नेऊन ठेवीत. शोषणाचें माप म्हणून त्यांनीं काय घेतलें? उघडी खिडकी! तिच्यांतून गेलेला आवाज परतत नाहीं. या मापानें आपली ओटी पूर्ण गुणांची.

गाद्या दालनांत कोठेंही ठेवल्या तरी घुमण्याचा काळ जवळजवळ तोच राहतो, असेंही सॅबिन यांस आढळलें. परंतु राहत्या खोलीस एवढें ज्ञान पुरत नाहीं. हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं दाखविलें कीं, मूळ ध्वनीमागून सुमारें तीस सहस्रांश सेकंदांच्या आंत येणारा परावर्तित ध्वनि कानास निराळा ऐकूं येत नाहीं. तो मूळांतच मिसळतो. लहान खोलींत बाजूच्या भिंतीवरून येणारा स्वर दोन मीटर अधिक चालला तरी सहा सहस्रांशांत पोहोंचतो, आणि मूळ स्वराचा रंग पालटतो. म्हणून येथें जागेला महत्त्व.

आपण नेहमींच्या जागीं बसावें व दुसऱ्यानें भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशांत लाऊडस्पीकर दिसेल तेथें जाड गोधडी टांगावी. ती भिंतीस चिकटवूं नये. चार बोटें अंतर ठेवल्यास कांहीं खालचे स्वरही शोषले जातात, आणि कोंकणच्या पावसांत बुरशीचें भय कमी होतें. डग्ग्याचा घुमारा मात्र गोधडीस जुमानीत नाहीं. तो कोपऱ्यांत साठतो, व तेथें हातभर जाडीची कापसाची भर लागते. चारही भिंती गोधड्यांनीं मढविण्याचा उत्साह मला मान्य नाहीं. त्यानें तंबोऱ्याची जवारी मरते, आणि डग्गा तसाच घुमत राहतो.