कॉर्नफ्लेक्सचा सडवा आणि सरकारची आबकारी

 

आजचा विषय मला आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने दिला. परदेशात शिकून आलेला मुलगा. गांधी बाजारात भाजी घेताना भेटला आणि म्हणाला, "काका, तिकडे लोक नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सपासून घरी दारू काढतात. आपल्याकडे असं कधी होतं का?" दारूचा विषय निघाला की लोक फौजी माणसाकडे अपेक्षेने बघतात. कँटीनच्या रमने आमची ही ख्याती करून ठेवली आहे. पण प्रश्न चांगला होता. त्याच्या पोटात आपल्या शेतीचा, कायद्याचा आणि गरिबांच्या संसाराचा बराच इतिहास दडला आहे.

आधी गंमत सांगतो. ज्यांच्यामुळे हे फ्लेक्स जगभर गेले ते डॉक्टर जॉन हार्वे केलॉग दारूचे कट्टर विरोधक होते. अमेरिकेत बॅटल क्रीक इथे त्यांचं आरोग्यधाम होतं. मांस नको, मद्य नको, चहा-कॉफीसुद्धा नको, अशी शिस्त. तिथल्या रुग्णांसाठी १८९४ च्या सुमारास धान्याचे फ्लेक्स तयार झाले. पुढे १९०६ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ यांनी कंपनी काढली. आपल्याकडे तो डबा १९९४ मध्ये आला. आणि आता त्याच फ्लेक्सचा कोणी सडवा घालतो! डॉक्टरसाहेबांना हे कळलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

सडवा हा शब्द शहरातल्या श्रोत्यांसाठी उलगडतो. दारू गाळण्याआधी जे आंबवलेलं पाणी असतं ते. पोलिसांच्या बातमीत त्याला 'रसायन' म्हणतात. 'इतके लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट केले' हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे.

आता कॉर्नफ्लेक्स पाण्यात भिजवून ठेवले तर दारू होईल का? नाही, नुसते सडतील. दारू यीस्ट करतं आणि यीस्टला साखर लागते. धान्यात असतो स्टार्च, म्हणजे पिष्ट. पिष्टाची साखर करणारं एन्झाइम धान्याला मोड आले की त्यातच तयार होतं. नाचणीचं सत्त्व घरी करणाऱ्या बायकांना हे ठाऊक आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. त्या पिठाची पेज गोडसर आणि पातळ होते, बाळाला पचते. भरडधान्यांत नाचणी याबाबत उजवी. इथे कर्नाटकात रागी माल्ट घरोघरी असतं. स्कॉटलंडचा गाळपवाला बार्लीचं जे करतो तेच आपली आजी बाळाच्या पेजेसाठी करत होती. कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट असतं, पण ते चवीपुरतं. भट्टीत भाजल्यावर एन्झाइम मरून जातं.

दुसरी वाट बुरशीची. लडाखमध्ये बार्लीची छांग करतात तेव्हा फाब नावाची वाळलेली वडी मिसळतात. सिक्कीममध्ये त्याच वडीला मर्चा म्हणतात. कोदोची तोंगबा तर ज्याने त्या थंडीत नोकरी केली आहे तो विसरणार नाही. बांबूच्या भांड्यात आंबवलेले दाणे, वरून गरम पाणी, आणि नळीने ओढायचं. पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. त्या वडीत बुरशी आणि यीस्ट एकत्र नांदतात. बुरशी पिष्ट फोडते, यीस्ट साखर खातं. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९० च्या दशकात हीच युक्ती अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या दारू कारखान्यात नेली. माल्टवाल्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. शेवटी तेच एन्झाइम पचनाचं औषध म्हणून खपलं. तुमच्या कपाटातल्या पाचक सिरपच्या बाटलीवर 'फंगल डायस्टेस' लिहिलेलं असेल, तर तो त्याच घराण्यातला आहे.

आपल्याकडेही ही विद्या जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा वेगळा अध्याय आहे. तांदूळ आणि 'किण्व' घालून मद्य करण्याची प्रमाणं त्यात दिली आहेत. हे किण्व म्हणजे आंबवण्याचं विरजण. माझं लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जातं. मद्यावर राज्याचा कडक ताबा असावा असं सांगणारा हा ग्रंथ कुटुंबांना कार्यप्रसंगी घरी सुरा करण्याची आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव, यात्रांना चार दिवसांची सूटही आहे. म्हणजे तिजोरी राज्याची, पण घरचं कार्य घरच्यांचं. ही रेघ कौटिल्याला दिसत होती.

मग महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीची दारू का रुजली नाही? माझ्या मते याचं साधं उत्तर मोहाचं झाड आहे. मोहाच्या फुलात साखर आयतीच असते. मोड आणा, वडी करा, काही नको. फुलं भिजवा, आंबू द्या, गाळा. शिवाय कोरडवाहू मुलखात धान्य पोटाला पुरत नव्हतं, ते सडवायचं कोणी? किनाऱ्यावर भंडाऱ्यांकडे माड, गोव्यात काजूची बोंडं, ऊस आला तिथे गूळ. धान्य कायम ताटात राहिलं.

पेशवाईत दारूवर बंदी होती. पण वसई, चौल हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतल्यावर तिथल्या भंडारी, कोळी वगैरे लोकांना सवलत द्यावी लागली. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी नोकर यांना मात्र मनाई कायम. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिताना याची नोंद घेतली आहे. ज्याची दारू त्याच्या रीतीत आहे त्याला मोकळीक, बाकीच्यांना नाही. आजच्या समतेच्या मापाने हे बसणार नाही, पण त्यात महसुलाचा हिशेब गौण होता.

खरा फरक इंग्रजांनी केला. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला. तोवर गावोगाव लहान भट्ट्या होत्या, त्यांचा लिलाव व्हायचा. आता सरकारच्या नजरेखाली मध्यवर्ती भट्टी, गॅलनवर कर आणि मक्तेदाराचं दुकान. ताडी-माडीच्या झाडांवरचे कर वाढले. घरची भट्टी हा गुन्हा झाला. आणि १८९२ मध्ये मोहाचाच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर बंधनं आली. मंडळी, हे फूल आदिवासी उन्हाळ्यात खातात. गुरांना घालतात. दुष्काळात माणसं त्यावर तगली आहेत. दारूचा कर बुडू नये म्हणून लोकांच्या तोंडचं अन्न कायद्याच्या कक्षेत घेतलं गेलं. इंग्रजांच्या वाईट कायद्यांची यादी करताना आपण मिठाचं नाव घेतो. मोहाचंही घ्यायला हवं.

याचा परिणाम उलटा झाला. घरी सणाला पिणारा वारली आता दुकानात उधारीवर प्यायला लागला. दुकानदार, सावकार आणि जमीन लिहून घेणारा बऱ्याचदा एकच माणूस असायचा. १९२२ च्या सुमारास ठाणे आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये देवीची चळवळ पसरली. अंगात आलेली देवी सांगायची, दारू सोडा, दारू विकणाऱ्याचं काम सोडा. बाहेरून कोणी पुढारी आला नव्हता. लोकांनी स्वतःच ओळखलं की पेल्यातून आपली जमीन जाते आहे.

शहरात महात्मा फुल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, त्यांनी शहरातल्या वाढत्या दारू दुकानांना लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दुकानांवर निरोधन झालं. पुढे १९१९ च्या सुधारणांत एक विचित्र पेच तयार झाला. आबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. शाळा हव्या तर पैसा हवा, आणि पैसा दारूतून येणार. गांधीजींना हे लाजिरवाणं वाटायचं. राज्यांचे अर्थसंकल्प आजही या पेचातून सुटलेले नाहीत, असं माझं मत आहे.

बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. सरकारने राजीनामा दिल्यावर ती टिकली नाही. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तोही सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५१ च्या बलसारा खटल्यात एक आक्षेप असा होता की सैन्याच्या मेस आणि कँटीनला सूट का? न्यायालयाने ती सूट वैध ठरवली. आमची रम घटनेच्या कसोटीला उतरलेली आहे, हे मी मेसमध्ये नव्या पोरांना आवर्जून सांगायचो.

त्या वर्षांत मुंबईत 'आंटी'चे अड्डे फोफावले. परळ-गिरगावच्या चाळींत, माहीम-वांद्र्याच्या गल्ल्यांत एखादी विधवा किंवा नवऱ्याची गिरणी सुटलेली बाई खोलीत दारू विकायची. माल खाडीकाठच्या भट्ट्यांतून ट्यूबमध्ये भरून यायचा. गूळ, नवसागर, सडकी फळं. 'पहिल्या धारेची' हा शब्द घरोघरी पोचला. सिनेमाने या आंटीला विनोदी केलं. पण पोलिसाचा हप्ता, गिऱ्हाइकाची दांडगाई आणि मुलाबाळांसमोर चाललेला धंदा यात विनोद फारसा नव्हता.

इथे एक गैरसमज काढायचा आहे. घरी गाळलेल्या दारूने माणसं मरतात, आंधळी होतात, असं सरसकट म्हणतात. धान्य किंवा गूळ आंबवून मिथिल अल्कोहोल अगदी नगण्य तयार होतं. सामूहिक मृत्यू होतात ते कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. ते स्वस्त असतं, वासाला आणि चवीला फारसं वेगळं लागत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळ्याची नस आधी जाते. १९८१ च्या जुलैत याच बंगळूर शहरात तीनशेहून अधिक माणसं अशा दारूने गेली. २००७ च्या १ जुलैपासून कर्नाटकाने अरक बंद केली. सरकारी पाकिटातली स्वस्त दारू गेली, आणि पुढच्याच वर्षी, मे २००८ मध्ये, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सीमाभागात दीडशेच्या आसपास बळी गेले. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर. मेलेले बहुतेक मजूर, झाडूवाले, हमाल. महाग बाटली पिणारा यात कधी नसतो.

याचा अर्थ घरची भट्टी निर्धोक, असा कोणी काढू नये. वाफ पेट घेते, भांडी आणि नळ्या कशाच्या आहेत कोण बघतो, आणि आपल्या देशात हा सरळ तुरुंगाचा गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं गाळायला परवानगी दिली. पण तिथे पाचशे रुपये रोजावर जगणारा हमाल मिथेनॉलवाल्याच्या तावडीत नसतो. त्या तरुणालाही मी हेच सांगितलं.

आता धान्याकडे परत येऊ. बंगळूरमध्ये धान्याची दारू जगप्रसिद्ध करणारं घर आडनावाने मराठी आहे, हे किती जणांना माहीत आहे? शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठे इथे आहेत. आमच्या शेजारी गवीपुरमला गोसाई मठ आहे. त्याच परंपरेतल्या राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये अमृत डिस्टिलरीज काढली. पुढे ती सैन्याच्या कँटीनलाही माल देऊ लागली. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकलं जातं ते बहुतांशी मळीचं असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत. अमृतने बार्लीची सिंगल माल्ट केली आणि २००४ मध्ये ती थेट ग्लासगोत नेऊन उतरवली. म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखं! इथल्या हवेत पिंपातली दारू वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोन टक्के. म्हणून ती लवकर मुरते.

महाराष्ट्राने हा धडा वेगळ्या तऱ्हेने घेतला. २००७ नंतर ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदानाचं धोरण आलं. शेतकऱ्याला भाव मिळेल, असा दावा. डॉक्टर अभय बंग आणि इतरांनी विरोध केला. ज्या राज्यात कुपोषणाने मुलं दगावतात तिथे सरकार धान्य सडवायला पैसे देणार का, हा त्यांचा प्रश्न होता. परवाने मिळालेल्यांत राजकारण्यांशी संबंधित मंडळी होती. मी या वादात बंगांच्या बाजूचा आहे. माल्ट व्हिस्की ज्याला परवडते त्याने घ्यावी, पण अनुदान करदात्याच्या खिशातून का?

आणि मोह? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती तिथल्या बायकांच्या रेट्याने आली. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. ठाण्या-कुलाब्याच्या त्या कायद्याला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. आता बचतगट फुलांचे लाडू आणि मनुक्यांसारखी वाळवण विकतात.

पुढच्या भागात शहाजीराजांच्या बंगळूरबद्दल बोलू. प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.