पन्नास कानीचं पितळ

ज्याला आठ वर्षं ओळखतो, त्या नागपूरच्या मित्राला मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही. आमची ओळख नाण्यांमुळे झाली, व्यवहार स्पीड पोस्टाने. गेल्या महिन्यात त्याने मला मुहम्मद तुघलकाचं पितळी नाणं दिलं, तख्तगाह दौलताबादच्या टांकसाळीचं. मी त्याला खुजिस्ता बुनियादचा मुघल रुपया दिला. खुजिस्ता बुनियाद म्हणजे आपलंच संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद.

साडेअकरा ग्रॅम चांदी देऊन नऊ ग्रॅम पितळ! आई म्हणाली, "फसलास."

१३३० च्या सुमारास सुलतानाने सगळ्या रयतेला हाच सौदा करायला लावला होता. हे पितळ चांदीच्या टंक्याइतकंच माना, असं फर्मान. सुलतानाची आज्ञा पाळणारा देवाची पाळतो, असंही त्यावर कोरलं. पण ठसा नकलायला सोपा आणि पितळ घरोघरी. झियाउद्दीन बरनी लिहितो, हिंदूंचं घर न् घर टांकसाळ झालं. (बरनीचा राग कुणावर होता ते माहीत असलं की त्याला जरा जपून वाचावं लागतं.) दोनेक वर्षांत सुलतानाने नाणी मागे घेतली आणि बदल्यात खजिन्यातून सोनं-चांदी मोजली. तुघलकाबादेत म्हणे परत आलेल्या नाण्यांचे डोंगर साचले.

मग माझं नाणं सरकारी, की कुणा कासाराचं? मित्राने पाठवण्याआधीच सांगितलं होतं, "अक्षर कच्चं वाटतंय. नकली निघालं तर रुपया परत."

मला तर नकलीच हवंय. किल्ल्याच्या पायथ्याशी कुणीतरी रात्री चोरून पाडलेलं. रुपया ठेव, असं त्याला कळवलंय.