उंबरठ्यावरची परीक्षा

बेंगळुरूहून चिक्कबळ्ळापूरकडे जाताना वाटेत देवनहळ्ळी लागते. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि तेथील दगडी किल्ला यांमुळे हे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे. याच वाटेने पुढे गेले म्हणजे चिक्कबळ्ळापूरनजीक मुद्देनहळ्ळी हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव येते. त्यांच्या विद्यार्थिदशेत या टापूतला एखादा मुलगा उच्च शिक्षणास निघाला, तर तो त्यास पात्र आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार म्हैसूर संस्थानात कोणालाही नव्हता. तो निवाडा दूरच्या मद्रास विद्यापीठाच्या परीक्षेत होत असे.

ही व्यवस्था १८५७ सालची. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे निघाली. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेण्याचे विद्यापीठाचे, अशी वाटणी असल्यामुळे प्रवेशपरीक्षा हेच या नव्या संस्थांचे पहिले ठळक कार्य ठरले. मुंबईची पहिली मॅट्रिक्युलेशन १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. ज्या परीक्षेने अशी माणसे निवडली तिला कुचकामी कोण म्हणेल? परंतु तिला दोनच शब्द ठाऊक होते: ‘या’ आणि ‘जा’. गणितात तल्लख पण इंग्रजीत कच्चा असलेल्या मुलाला ती परत पाठवी. त्याला नेमके काय शिकविले म्हणजे तो पुढे जाऊ शकेल, हे मात्र ती सांगत नसे. पुढे सरकारी कचेऱ्यांनीही मॅट्रिकचा दाखला हेच नोकरीचे माप मानले आणि या दोन शब्दांना पोटापाण्याचे वजन आले.

उंबरठ्यावरून परत फिरणे म्हणजे काय, हे धोंडो केशव कर्वे यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक असेल. कोकणातील मुरूड गावचा हा मुलगा सतराएक वर्षांचा असताना सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल पायी चालून, घाट चढून साताऱ्यास गेला. तेथे तो वयाने लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. त्याला काय येते, हे कोणी विचारलेच नाही! पुढे १८८१ मध्ये कर्वे मॅट्रिक झाले. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून मद्रास विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी पुण्यास आले.

पस्तीस वर्षांनी, १९१६ साली, या दोघांच्या प्रयत्नांतून दोन विद्यापीठे उभी राहिली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. विश्वेश्वरय्या दिवाण असताना म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि देवनहळ्ळीच्या मुलाची पात्रता ठरविण्याचा अधिकार त्याच्याच संस्थानात आला. पुण्यात कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. त्यांनी प्रवेशपरीक्षा मोडीत काढली नाही. तिचा रोख बदलला. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून राखला. इंग्रजीतून उत्तर देता न येणारी मुलगी बुद्धीने उणी असते, हा समज त्यांनी नाकारला. पण इंग्रजी तिला शिकवावयाचे नाही, असेही म्हटले नाही.

यावर आक्षेप आला तो दर्जाचा. त्याची किंमतही मोजावी लागली. या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. तोवर तेथल्या पदवीधर स्त्रियांच्या हाती विद्या होती; पण त्या पदवीला सरकारी शिक्का नव्हता. उंबरठा सोपा करणाऱ्याला शिक्षा होते ती अशी, आणि ती बहुधा त्याच्या विद्यार्थ्यांना भोगावी लागते.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे नाही. अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालये मागेल त्या प्रत्येकाला प्रवेश देतात. मात्र आत घेतल्यावर त्याने कोणत्या वर्गात बसावे, हे अनेक ठिकाणी एका छोट्या चाचणीवर ठरत असे. चाचणीत मागे पडलेला विद्यार्थी पायाभूत वर्गात जाई. तेथे शुल्क भरावे लागे, काळ जाई, आणि पदवीच्या हिशेबात त्यातले काही धरले जात नसे. कित्येक विद्यार्थी तेथूनच शिक्षण सोडून जात. २०१२ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना आढळले की, या चाचण्यांमुळे गणितात सुमारे चारांपैकी एक आणि इंग्रजीत सुमारे तिघांपैकी एक विद्यार्थी अगदी चुकीच्या ठिकाणी पडतो. शाळेतील अनेक वर्षांचे गुण त्याची अधिक खरी साक्ष देतात. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा करून शाळेतील कामगिरीला प्राधान्य दिले. तेव्हा ‘या’ म्हणणारे दारही आत गेल्यावर ‘जा’ म्हणू शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परीक्षा नको, असा याचा अर्थ नव्हे. विद्यार्थी कोठे उभा आहे हे कळल्यावाचून शिक्षकाने शिकवावे तरी कोठून? पण ते कळून घेण्याचे ओझे शिक्षकाचे आहे, विद्यार्थ्याचे नव्हे. कन्नड वा मराठी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजी व्याख्यानाच्या पहिल्या तासाला गप्प बसतो, तेव्हा त्याच्या मौनाची इयत्ता ठरवून आपण मोकळे होतो. त्याला कोणता शब्द अडला, हे विचारणारी परीक्षा अधिक कठीण असते. कारण तिचे उत्तर आल्यावर पुढचे काम परीक्षकालाच करावे लागते.